बेलुगाची गाभोळी

"सोनोग्राफीत मला स्पष्ट दिसतंय, जाऊबाई. वेळ निघून गेलीय. गाभोळी मऊ पडलीय."

"तुला दरवर्षी काहीतरी दिसतंच," थोरली म्हणाली. "गेल्या वर्षी कच्ची दिसली, त्याच्या आदल्या वर्षीही कच्ची. आज एकदम वेळच निघून गेली? मधे पिकली कधी? आपण जेवायला गेलो होतो तेव्हा?"

झोळी धरून उभे असलेले कामगार फिसकन हसले, आणि धाकटीने वळून पाहताच गप्प झाले. झोळीत माणसाहून लांब बेलुगा मासळी, पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन, उताणी पडली होती. तिच्या पांढऱ्या पोटावर जेल चोपडून धाकटी यंत्राची दांडी फिरवत होती, आणि दुसऱ्या हाताने कल्ल्यांवर पाणी सोडत होती. आमच्या बाळंतपणांत कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं, असं थोरली अशा वेळी हमखास म्हणायची. धाकटीला मूल नव्हतं, म्हणून ती ते मुद्दाम म्हणायची.

दोघी सख्ख्या जावा. सासरे नदीवर स्टर्जन मासे धरायचे, बेलुगा त्यांतलीच. पुढे नदीत मासा उरला नाही, धरायला बंदी आली, तेव्हा उरलासुरला मासा नदीलाच राहू दे म्हणून त्यांनी या टाक्या बांधल्या. सासरे गेले, मग थोरलीचा नवरा गेला. कारभार धाकट्या दिराकडे आला. मासे वाढवायचं काम त्याच्या बायकोकडे आणि खारवण्याची खोली थोरलीकडे. एकीने वर्षानुवर्षं पोसायचं आणि दुसरीने पोट फाडून मीठ लावायचं, अशी वाटणी असल्यावर घरात गोडी कुठून नांदणार? दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या.

सेव्रुगाची बारीक काळपट गाभोळी आणि ओसेत्राची तपकिरी, सोनेरी झाक असलेली गाभोळी, या लहान स्टर्जनच्या दोन्ही गाभोळ्या थोरलीच्या हाताखालून ढिगांनी गेल्या होत्या. बेलुगाची तेवढी राहिली होती. सगळ्यांत मोठा दाणा तिचा, राखाडी आणि मोत्यासारखा. पण बेलुगा वयात यायला घरच्या लेकीइतकी वर्षं घेते. एवढी वर्षं थोरलीने वाट पाहिली होती, आणि आता आणखी थांबायला तिच्याकडे सवड नव्हती.

कारण तिच्या बोटांची जाण गेली होती. बर्फ आणि खारं पाणी यांत जन्म काढल्यावर आधी टोकं बधिर झाली, मग पेरं. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मीठ नीट लागलं की गाभोळी ढवळताना बारीक कुरकुरते. त्या आवाजावर ती निभावून नेत होती. उद्या हे उघडं पडलं असतं, तर खोली दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती, आणि मग या घरात ती कोण? थोरल्याची विधवा, जिला दोन वेळा जेवायला बोलवायचं.

"माझ्यावर भरवसा नसेल तर तुम्ही बघा," धाकटी म्हणाली. तिने बारीक पोकळ नळी पोटात सरकवली आणि चार दाणे काढून थोरलीच्या तळहातावर ठेवले. "मऊ असतील तर तिला पाण्यात सोडायचं. आतली गाभोळी ती जिरवेल, दोन वर्षांत पुन्हा धरेल. तेव्हा मारायचीही गरज नाही. जिवंत ठेवून काढता येते आता."

"जिवंत माशाची ती पिचपिचीत गाभोळी? ती तूच खा."

"नदीत उरले नाहीत म्हणून पाळले, आणि पाळून मारतोच आपण. मग उपयोग काय?"

दीर घड्याळाकडे बघत उभा होता. हॉटेलवाल्यांना त्याने आजच्या खारवलेल्या गाभोळीचा शब्द दिला होता. टाकीतच वाढलेली बेलुगा, नदीचा एक दाणाही त्यात नाही, असं ते आपल्या पाहुण्यांना अभिमानाने सांगणार होते. "वाद पुरे," तो म्हणाला. "वहिनी म्हणतील तसं. त्यांच्या बोटांना फसवेल असा मासा अजून जन्मला नाही."

थोरलीने दाणे अंगठा आणि तर्जनीमध्ये धरले. डोळ्यांना दिसत होते ते गोल आणि चकचकीत. बोटांना काहीच लागत नव्हतं. आणि चार दाणे काही कुरकुरत नाहीत. मला कळत नाही, एवढं म्हणायचं होतं. तिने वर पाहिलं. धाकटी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा इतका ठाम होता की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टणक आहेत," ती म्हणाली. "कापा."

धाकटीने बेलुगाच्या पोटावरचा हात काढला नाही. शेवटी दिराने तिला दंडाला धरून बाजूला केलं.

खारवण्याच्या खोलीत थोरलीने गाभोळीचा पहिला लगदा चाळणीवर घेतला आणि नेहमीच्या हलक्या हाताने फिरवला. खाली दाणे पडायला हवे होते. खाली राखाडी चिखल उतरला. तिने दुसरा लगदा घेतला, मग तिसरा. एवढ्या मोठ्या पोटात कुठेतरी चांगली निघेल, अशी वेडी आशा होती. कामगारांनी तिच्याकडे बघणं टाळलं. शेवटी खालची परात त्या चिखलाने भरली.

दीर आत आला, त्याने परातीत पाहिलं, आणि बायकोवर तुटून पडला. "सकाळी टणक होती ना! मग झालं काय? काहीतरी केलंयस तू! तुला तो मासा द्यायचाच नव्हता!"

धाकटी थोरलीच्या बोटांकडे बघत होती.

गप्प राहिलं की सुटलो, हे थोरलीला लख्ख कळलं. क्षणभर तिला बरंही वाटलं. पण हिला समजलंय. आपण आज गप्प बसलो तर उरलेला जन्म हिच्या उपकारावर काढायचा, हिने तोंड मिटून घेतलंय म्हणून. ते तिला सोसवेना.

"ती सकाळीही मऊच असणार, भाऊजी," ती म्हणाली. "मला कळलं नाही. माझ्या बोटांना आता काहीच कळत नाही."

दिराने परातीवरून नजर उचलून तिच्या बोटांकडे पाहिलं.

"मग 'कापा' का म्हणालात?" धाकटीने विचारलं.

"तू 'सोडा' म्हणालीस म्हणून."

दिराने कपाळ चोळलं. "उद्यापासून तुम्ही डब्यांना लेबलं लावा, वहिनी," तो म्हणाला, आणि हॉटेलला फोन करायला निघून गेला.

परात जड होती. थोरलीने ती उचलली आणि कचऱ्याच्या पिंपाकडे वळली. धाकटी आडवी आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"द्या इकडे. हे तुम्ही नाही फेकायचं."

"जड आहे."

"मला माहितेय किती जड आहे. मी वाढवलीय तिला."

तिने परातीला हात घातला. आपल्या हातांवर किती भार उरलाय, हे थोरलीला कळायला मार्ग नव्हता. ती मान खाली घालून बघत राहिली. धाकटीचे दोन्ही हात काठाला घट्ट लागलेले डोळ्यांना दिसले, तेव्हाच तिने परात सोडली.