पाच खाचांची काठी

मी बोलतेय, उल्हास नदीच्या काठी, वांगणीच्या खालच्या अंगाला बांधावर रोवलेली बांबूची काठी. आधी माझ्यावर कपडे वाळत. मग रखमाबाईनं मला इथं, तिच्या भातशेताच्या बांधावर आणलं. पुरात शेताजवळ जाता येत नाही; घराच्या ओट्यावरून मला पाहिलं, की पाणी किती चढलंय ते तिला कळे.

पूर ओसरला की माझ्या अंगावर चिखलाची रेघ उरे. त्या रेघेवर ती कोयत्यानं खाच पाडी. दुखायचं. पण जिचं पीक नुकतंच वाहून गेलंय, ती बाई खाच पाडून लगेच बांध लिंपायला लागे. मग मी कशाला कण्हू?

पाच वर्षांत पाच खाचा पडल्या, सगळ्या जवळजवळ एकाच उंचीवर. त्यातली चार वर्षं भात गेलं. थोरला विनीत अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं सांगून टाकलं, यंदाही गेलं तर हा तुकडा फार्महाऊसवाल्याला देऊन टाकू. रखमाबाई उठून बांधावर आली. माझ्याशेजारी बसून राहिली.

धाकटी तेजल तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून घरी होती. तिनं माझ्या खाचा बोटांनी चाचपल्या आणि आईला विचारलं, की पाणी दरवर्षी एवढंच येतं, तर तिसऱ्या वर्षीच भात कसं तगलं? आई म्हणाली, गावदेवीची कृपा. पोरगी ऐकेना. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की त्या वर्षी टेकाडावर शेती करणाऱ्या महिपतीचा राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, गुरांनी खाल्ला होता. त्याची रोपंच नव्हती, म्हणून सावडीची माणसं आधी रखमाबाईच्या शेतात उतरली होती.

सावडीत सगळे मिळून एकमेकांची लावणी करतात. ती टेकाडावरच्या महिपतीच्या शेतातून सुरू होते आणि नदीकाठी पोहोचेपर्यंत जुलै सरत येतो. नदी फुगते ती नेमकी तेव्हाच. आजवर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर तिथंच उभी होते.

मे महिन्यात तेजल महिपतीला बांधावर घेऊन आली आणि म्हणाली, यंदा लावणी नदीकाठून सुरू करू.

"उलटी गंगा वाहवतेस की," तो हसला. "कॉलेजात लावणीपण शिकवतात वाटतं?"

"काका, पूर येतो तेव्हा आमचं रोप लावून आठ दिवस झालेले असतात. पाळण्यातल्या पोराला कोणी पोहायला टाकतं का?"

त्याचंही खरं होतं. लावणी लांबली तर त्याची रोपं राबातच जून होणार, फुटवे कमी येणार. तेजलनं सुचवलं, काका, तुम्ही राब दहा दिवस उशिरा पेरा. आम्ही विहिरीच्या पाण्यावर लवकर पेरतो. तरी तो आजोबांपासूनच्या रीतीला धरून बसला.

तेव्हा रखमाबाई उठली. सावडीत ती कधी तोंड उघडत नसे.

"भावजी, पंचवीस वर्षं तुमच्या शेतात पहिली मूठ मी लावली. यंदा माझ्यात तुम्ही लावा."

महिपती माझ्या खाचांकडे बघत राहिला. जूनअखेरीस तोच पहिला चिखलात उतरला.

जुलैच्या शेवटी नदी आली. पाचव्या खाचेच्याही वर चढली. दोन दिवस भात पाण्याखाली होतं, आणि ओट्यावर दोन बायका माझ्याकडे डोळे लावून होत्या. पाणी उतरलं, माझ्यावर सहावी खाच पडली. पानं चिखलानं माखलेली, झोपलेली. पण मुळं घट्ट होती. आठवडाभरात नवी पात हिरवी झाली. दसऱ्यानंतर विनीत स्वतः विळा घेऊन कापणीला आला. विक्रीचा विषय त्यानं काढला नाही.

आता माझं बूड कुजलंय. परवा महिपती नवा बांबू घेऊन आला. माझ्याशेजारी उभा करून त्यानं सहाही खाचा एकेक मापून त्यावर उतरवल्या. प्रत्येक खाचेसमोर त्या वर्षीच्या लावणीची तारीख लिहायला तेजलला सांगितलं.

मला आता खुशाल चुलीत घाला. पण रखमाबाईच्या चुलीत घाला. या शेतातला भात जिच्यावर शिजतो, त्या.