यादीत शेजारी नाही

अर्जातल्या चौथ्या रकान्यात विचारलं होतं : 'मृत व्यक्तीशी नातं.' त्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडायची. आई, वडील, भावंड, जोडीदार, अपत्य, आजी किंवा आजोबा. सगळ्यांत शेवटी, जरा अंतर सोडून, 'इतर'. ब्रोना गिब्लिननं ही यादी आतापर्यंत नऊ वेळा उघडून पाहिली होती. शेजारी हा शब्द तिच्यात नव्हता, आणि दहाव्यांदा उघडल्यानं तो उगवणारही नव्हता. प्रयोगशाळेचं काम शिकणाऱ्या मुलीला एवढं कळायला हवं होतं. तरी तिनं दहाव्यांदा उघडली.

डब्लिनला नदीकाठच्या एका काचेच्या इमारतीत, विमा कंपनीच्या वर आणि व्यायामशाळेच्या खाली, तिचं खाजगी कॉलेज होतं. रक्त तपासायचं, काचपट्टीवर त्याचा पातळ लेप द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, हे ती तिथे तीन वर्षं शिकत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी सकाळी दहाला तिचं प्रॅक्टिकल होतं. त्याच बुधवारी अकराला, रॉसकॉमनमधल्या तिच्या गावी, फेलिम बेर्नची मूठमाती होती.

फेलिम एकोणऐंशी वर्षांचा होता. लग्न केलेलं नव्हतं. ब्रोनाचे आईवडील दोघंही वृद्धाश्रमात पाळीवर काम करायचे आणि शाळेची बस फेलिमच्या फाटकाशी थांबायची. त्यामुळे अकरा वर्षं, दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सहा, ती त्याच्या स्वयंपाकघरात बसली होती. मेंढ्यांच्या खुरातले काटे बघायला त्यानं एक भिंग ठेवलं होतं. त्यातून तिनं मीठ पाहिलं, माशीचा पंख पाहिला, आणि फेलिमच्या अंगठ्याचं चिरलेलं नख पाहून ती किंचाळली होती. "मग? सुंदर आहे की नाही?" फेलिम म्हणाला होता.

तो रविवारी पहाटे गेला. दुपारी वडिलांचा फोन आला.

"पोरी, खणायला आपल्या घरातून कुणीतरी जायला हवं. माझी पाठ ही अशी."

"मी येते."

"तू?"

"फावडं धरता येतं मला. त्यानंच शिकवलंय."

त्यांच्याकडे कबर खणायला माणसं लावत नाहीत. शेजारी खणतात, एका घरातून एक. आणि जे खणतात तेच दुसऱ्या दिवशी पेटीवर माती लोटतात, शेवटची ढेप बसेपर्यंत. मधेच उठून प्रॅक्टिकलला जाता येत नाही. मंगळवारी पाच पुरुष आणि ब्रोना पावसात खणत होते. बुधवारी त्यांनीच ते बुजवलं.

निघण्याआधी, सोमवारी सकाळी, तिनं कॉलेजचा अर्ज भरला होता. नात्याच्या रकान्यात 'इतर'. स्पष्टीकरणाला दोनशे अक्षरांची जागा होती. एका मिनिटात उत्तर आलं : 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तुमच्या विनंतीचा क्रमांक २०४१७. विद्यार्थी सहाय्य विभाग लवकरच संपर्क साधेल.'

ती परतली तेव्हा तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं : 'प्रॅक्टिकल : ०. विनाकारण अनुपस्थित.' शून्य म्हणजे विषय गेला, विषय गेला म्हणजे वर्ष गेलं. परीक्षा मंडळाची बैठक तीन आठवड्यांनी, शुक्रवारी बाराला होती. तोवर रजा मंजूर झाली, तर फेरपरीक्षा मिळणार होती. नाहीतर शून्य कायम.

तिनं प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. दोन आठवड्यांत सात नावं झाली. "अगं बाई, किती वाईट झालं!" "होईल गं, तू अजिबात काळजी करू नकोस." "मी स्वतः बघते." "उद्यापर्यंत नक्की." एकजण तर फोनवर रडवेला झाला, कारण त्याचाही काका नुकताच वारला होता. ब्रोनानंच त्याची पाच मिनिटं समजूत घातली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलं काम सांगायचंच राहिलं.

सातांपैकी 'नाही' कुणीच म्हणालं नव्हतं. नाही म्हटलं असतं, तर त्याच्यावर दाद तरी मागता आली असती. होईल-होईलवर दाद कुठे मागायची?

"चूक तुझीच आहे," नेसा म्हणाली. नेसा तिच्या खोलीत राहायची, अस्सल डब्लिनची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "आजोबा मारायचा की एखादा! माझ्या आजीला मी तीनदा पुरलंय. दर वेळी दोन दिवसांत रजा मंजूर. म्हातारी मजेत आहे, परवा नाचायला गेली होती."

"माझे आजोबा जिवंत आहेत."

"माझी आजी काय मेलीय?"

"आणि तो आजोबा नव्हता, नेसा."

"बरं बाई. मग सत्य बोल आणि वर्ष पुन्हा कर. तुझ्यासारख्यांचे पुतळे उभारतात. पदव्या मात्र देत नाहीत."

बैठकीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ब्रोना फोन सोडून सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थी सहाय्य विभागात गेली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'तुम्ही एकटे नाही आहात.' त्याखाली टेबल, टेबलावर संगणकाचा एक पडदा, आणि माणूस कुणीच नाही. तिनं पडद्यावर नाव टाकलं. 'तुमच्या आधी ० विद्यार्थी. अंदाजे प्रतीक्षा ४५ मिनिटं.'

पन्नास मिनिटांनी एक चाळिशीतला माणूस चहाचा कप घेऊन आला. गळ्यातल्या पट्टीवर नाव होतं, डेक्लन. तक्त्यात हे नाव चौथं होतं : 'स्वतः बघतो.'

"माफ कर हं, ताटकळलीस. ब्रोना ना? फार वाईट वाटलं गं ऐकून."

"कोण गेलं ते माहीत आहे तुम्हाला?"

डेक्लननं पडद्याकडे पाहिलं. "आजोबा?"

"शेजारी."

"हां हां, शेजारी." तो समोर बसला, कळफलक बडवू लागला. "सापडलं. तू 'इतर' निवडलंस, तिथेच घोळ झाला बघ. 'इतर' सगळं मॉइराकडे जातं."

"मग मॉइरांना विचारा ना."

"मॉइरा मार्चमध्ये गेली."

"अरेरे," ब्रोना म्हणाली. डेक्लननं जीभ चावली. "अगं, तशी नाही! कॉर्कला गेली. नवी नोकरी."

"आणि 'इतर'वाले अर्ज?"

त्यानं काहीतरी उघडलं आणि चहाचा घोट अर्ध्यावर थांबवला. पडद्यावर मॉइराची टपालपेटी होती. न उघडलेले अर्ज : ६१. मार्चपासून एकसष्ट जणांच्या दुःखात यंत्र एका मिनिटात सहभागी झालं होतं, आणि पुढे कुणी डोकावलं नव्हतं. ब्रोनाला तिचा क्रमांक शेवटून तिसऱ्या ओळीत दिसला.

"हे तुम्ही बघितलं होतं? चौदा तारखेला तुम्ही मला 'स्वतः बघतो' म्हणालात. तीन वाजून दहा मिनिटांनी." तिनं वही पुढे ठेवली. आवाज चढवला नाही; तिला तो चढवता यायचा नाही.

डेक्लननं सगळा तक्ता वाचला, स्वतःचं नावही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"असं करू या," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता नवा अर्ज. 'आजोबा' निवडू. यंत्र आपोआप मंजूर करतं, चार मिनिटांत. पुरावा म्हणून मृत्यूची बातमी चालते. आहे तुझ्याकडे?"

तिच्याकडे होती. गावच्या रेडिओवर वाचली गेली तीच, छापलेली. 'फेलिम बेर्न. पुतणे, शेजारी व मित्रपरिवार, विशेषतः ब्रोना, यांच्या स्मरणात.'

"हे बघ, तुझं नावसुद्धा आहे! कोण विचारतंय आजोबा होता की कोण? तुझं वर्ष वाचतंय, ब्रोना. लिही."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. यादी उघडीच होती. आजी किंवा आजोबा. एक बोट टेकवायचं. उद्या बारानंतर ह्या बोटाला काही किंमत राहणार नव्हती. आई दिवाणखान्यात जागा करून ठेवेल, पदवीच्या फोटोसाठी. ती जागा आणखी वर्षभर रिकामी राहील, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलणार नाही. ते न बोलणंच तिला आत्तापासून ऐकू येत होतं.

"मी त्याची नात असते," ती म्हणाली, "तर मला तिथे फावडं धरू दिलं नसतं."

"काय?"

"घरच्यांनी खणायचं नसतं. घरच्यांनी हात मिळवायचे, चहा घ्यायचा. खणतात ते शेजारी. मी शेजारी होते म्हणून प्रॅक्टिकल बुडालं. आजोबा लिहिलं, तर माझ्याकडे तिथे खणत असण्याचं कारणच उरत नाही. नात तर मंगळवारी इथे राहून अभ्याससुद्धा करू शकली असती."

वरच्या व्यायामशाळेतला धपधप आवाज छतातून येत होता.

"किती खोल?" त्यानं एकदम विचारलं.

"सहा फूट म्हणतात. साडेपाचला खडक लागला."

"आमच्याकडे मेयोत पाणी लागतं," तो म्हणाला. "वडील गेले तेव्हा मी दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा होतो. आत शेजारी खणत होते. कुणीतरी विनोद केला, सगळे हसले. मला इतकं आत जावंसं वाटलं! पण जाता येत नव्हतं ना." कप त्यानं बाजूला सारला. "थांब."

यादीत एक शब्द वाढवता येईल का, हे विचारायला त्यानं तिच्यासमोरच फोन लावला. ते यंत्र परदेशातल्या कुठल्या कंपनीचं होतं. बदल वर्षातून दोनदा, पुढचा मे महिन्यात. मग त्यानं त्याच्या वरिष्ठ बाईंना फोन लावला. "हो... नाही, नाही, अगदी बरोबर... तुमचं म्हणणं पटतंय... बाय, बाय, बाय-बाय-बाय." फोन ठेवून तो म्हणाला, "बघू म्हणाल्या."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाही," डेक्लननं कबूल केलं. तीन आठवड्यांत तो शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला, आणि तिला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं. "कागदावर लिही. हातानं. उद्या मी स्वतः घेऊन बैठकीत जातो."

"स्वतः?"

"त्या वहीत लिही हवं तर. वेळ टाक."

तिनं कागदावर सहा ओळी लिहिल्या. मग वही उघडली आणि वेळ टाकली.

शुक्रवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी पत्र आलं. नेसानं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "फेरपरीक्षा! चार डिसेंबर! अगं, जिंकलीस की तू, रॉसकॉमन!" तिनं ब्रोनाला मिठी मारून गदगदा हलवलं. ब्रोना पलंगावर बसली आणि तिनं पत्र स्वतः वाचलं. सगळं वाचायची तिला सवय होती.

'विद्यार्थी सहाय्य विभागाच्या यंत्रणेतील तांत्रिक बिघाडामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. फेरपरीक्षेचे कारण : तांत्रिक बिघाड. रजेचा अर्ज : रद्द.'

तिच्या सहा ओळींबद्दल एक अक्षर नव्हतं.

डेक्लनला फोन केला. तो हळू आवाजात बोलत होता. "वाचून दाखवलं गं मी. सगळं. ते म्हणाले, शेजारी एकदा धरला, तर उद्या कोण कोण येईल. बिघाड म्हटलं की कुणाचंच काही बिघडत नाही. वर्ष वाचलं ना तुझं?"

"वाचलं. तुमचे आभार. आणि बाकीचे साठ?"

"बघतो," डेक्लन म्हणाला, आणि लगेच, "नाही, थांब. आज उघडायला घेतो. दहा तरी."

वडिलांना सांगितल्यावर त्यांनी आधी देवाचे आभार मानले. मग म्हणाले, "कारण काय लिहिलंय?"

"तांत्रिक बिघाड."

वडील इतके हसले की त्यांच्या पाठीत कळ आली. "फेलिमला? अगं, त्यानं जन्मात टोस्टरसुद्धा घेतला नाही!"

तीही हसली. फोन ठेवून तिनं पत्र पुन्हा उघडलं. चार तारखेला ती काचपट्टीवर लेप देईल, पेशी मोजेल, आणि तिच्या नावापुढे कायमचं राहील की त्या बुधवारी एक यंत्र बिघडलं होतं.

"सोड आता," नेसा म्हणाली. "मिळालं ना हवं ते? चल, चिप्स खाऊ."

"दोन मिनिटं."

ब्रोनानं अर्ज उघडला. विनंतीचा प्रकार : नोंदीत दुरुस्ती. मृत व्यक्तीशी नातं : तीच यादी. तिनं 'इतर'वर बोट टेकवलं. दोनशे अक्षरांत लिहिलं : 'अनुपस्थितीचं कारण तांत्रिक बिघाड नव्हतं. फेलिम बेर्न माझा शेजारी होता. त्याची कबर आम्ही सहा जणांनी खणली आणि बुजवली. कृपया तसं नोंदवा.' अक्षरं मोजली. बसत होती.

एका मिनिटात उत्तर आलं. 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तुमच्या विनंतीचा क्रमांक २०९८८.'

तिनं वहीत नवी ओळ आखली. तारीख घातली, वेळ घातली, क्रमांक घातला, आणि शेवटचा रकाना मोकळा ठेवून कोट अंगात घातला.