शेवटच्या पानावरचा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवाही माझ्याइतकाच तापलाय, पण तो स्वभावानं गप्प. म्हणून भांडण माझ्या वाट्याला आलं.

आधी माझं रूप सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. मी तपकिरी, बिनटाचेचा आणि पुढून चांगला रुंद. फोटोत तर मी पावासारखा दिसतो. पण दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात, त्यांना माझ्यात पाय घातला की हुश्श होतं.

माझा कारागीर म्हातारा आहे. इस्त्रीच्या दुकानात उभ्यानं काम करणाऱ्या एका बाईचे पाय बघून त्यानं फार वर्षांपूर्वी रुंद फर्मे कोरले. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर कातडं ताणून बूट शिवतात. तीन मापांच्या तीन जोड्या कोरायला त्याला अख्खा हिवाळा लागला. लोक एकमेकांकडून ऐकून दुकानात यायचे, खुर्चीत बसायचे आणि माझ्यासारखा जोड घालून जायचे. तिथं पहिला कोण आणि शेवटचा कोण, असला भेदभाव नव्हता.

पुढे लेकानं दुकान इंटरनेटवर नेलं. खुर्च्या गेल्या, खोकी आली. सून कामाला वाघ! तिनं साइटवर ‘रोजच्या वापराचे’ म्हणून एक दालन केलं आणि त्यात शहाण्णव वस्तू भरल्या, एका पानावर चोवीस. त्यांचा क्रम लावायचं काम तिनं संगणकावर सोपवलं. जी वस्तू जास्त वेळा उघडून पाहिली जाईल ती वर, बाकीच्या खाली. ऐकायला किती न्यायाचं वाटतं, नाही?

पहिल्या जागेवर चंदेरी सँडल जाऊन बसली. मी चौथ्या पानावर, शेवटून दुसरा. माझ्याखाली फक्त सुट्या नाड्यांचं एक पाकीट होतं.

आता मेख ऐका. त्या चंदेरी सँडलला उठता बसता उघडून बघत कोण होतं? सून! खोक्यात भरताना माप ताडायला उघड, बहिणीला दाखवायला उघड, चहा पिता पिता नुसती डोळे भरून बघायला उघड. जाहिरात करायची म्हणून लेकही तीच उघडायचा. संगणक आपला मुकाट मोजत होता. घरचीच बोटं, घरचीच आवड आणि नाव मात्र गिऱ्हाइकाचं! मग ती वर दिसते म्हणून गिऱ्हाईकही तीच उघडायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सकाळी लेक म्हणाला, “बाबा, शेवटच्या पानावरचा माल काढून टाकू या. कुणी ढुंकून बघत नाही.”

“रुंद बूटसुद्धा?”

“वर्षभरात एकदाही उघडला नाही कुणी. हे बघा ना.”

म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पाहिलं. पडद्यावर शून्य होतं. “बरं झालं. लोकांचे पाय सुजायचे थांबले म्हणायचे,” एवढंच तो बोलला. मग मागच्या अंगणात जाऊन त्यानं सहाच्या सहा फर्मे कुऱ्हाडीनं फोडले आणि शेगडीत घातले. सून धावत आली तर म्हणाला, “माझ्या हातानं केलेत. दुसऱ्या कुणी फेकायला नकोत.”

मी फळीवरून हे सगळं बघत होतो. दुकानात उरलेला रुंद जोड तेवढा आमचाच, फोटोसाठी ठेवलेला.

तिसऱ्याच दिवशी एक बाई दारात आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. लेकीसाठी तिनं चंदेरी सँडल मागवली होती, त्याच खोक्यावरचा पत्ता विचारत विचारत आली होती.

“माझ्या पायात बसेल असं काही बनवता का हो? संध्याकाळपर्यंत नुसते फुगतात बघा.”

“साइटवर नाही का पाहिलंत?” सुनेनं विचारलं.

“पाहिलं की! दोन पानं सरकवली, नुसता झगमगाट. म्हटलं, आपल्या पायांचं इथं कुणाला पडलंय!”

म्हातारा आम्हाला घेऊन आला, खाली बसला आणि त्यानं स्वतः तिच्या पायांत आम्हाला चढवलं. ती उठली, दोन पावलं चालली आणि तिच्या तोंडून “अगं बाई!” एवढंच निघालं. मग म्हणाली, “माझ्या दोघी सोबतिणींनाही असेच हवेत. कधी पाठवू त्यांना?”

म्हातारा स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते हात आता थरथरतात. शिवण अजून जमते, पण लाकूड कोरणं त्याच्यानं होणार नाही.

सुनेनं घाईघाईनं संगणक उघडला, बराच वेळ आकडे पडताळले आणि तिचा चेहरा उतरला. “अहो, सँडल उघडणारे बहुतेक आपणच आहोत. मीच!” लेक खोकी सरळ करत बसला. तिनं तिथल्या तिथं माझा फोटो उचलून पहिल्या ओळीत पहिला बसवला. आमचा जोड तर त्या बाईला देऊन झाला होता. फोटोखाली लाल अक्षरं आली: ‘शिल्लक नाही’.

आता मी शाळेच्या स्वयंपाकघरात असतो. काल बाईच्या एका सोबतिणीनं दुकानात फोन लावला, स्पीकरवर. “सध्या नाहीत हो ते,” सून म्हणाली. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, “कोणते विचारतायत?” त्याची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग दार लागल्याचं.

सूनबाई, तुला वाईट वाटलं, मला मान्य आहे. तरी माझा राग गेलेला नाही. क्रम लावायच्या आधी एकदा, फक्त एकदा, चौथ्या पानापर्यंत आली असतीस तर? आता निदान एवढं कर. माझा फोटो पुन्हा खाली टाक, नाहीतर पुसूनच टाक. रोज सकाळी दुकानात साइट उघडली की म्हाताऱ्याला सगळ्यांत आधी मीच दिसतो.