तांबड्या कागदाचं काळीज

आमच्या सोप्यात बालवाडी भरायची, म्हणून माणसाच्या आत काय काय असतं ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शिकवायला सांगलीच्या एक बाई होत्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण पोरांना खायला सरकारी सुकडीची पोती अजून येत होती आणि सुकडीसाठी पोरंही येत होती. बाईंना वाटायचं, पोरं शिकायला येतात. मी कशाला त्यांचा गैरसमज दूर करू?

पण बाईंच्या हातात कला होती, हे मान्य करायलाच हवं. जोंधळ्याच्या चिपाडांची त्या हाडं करायच्या, गुडघ्याला आणि कोपराला सुतळी बांधायच्या. कागदी पिशव्या फुंकून फुप्फुसं करायच्या. सायकलच्या जुन्या ट्यूबची आतडी व्हायची, आणि पतंगाच्या तांबड्या कागदात कापूस भरला की हृदय. पोरं त्याला काळीज म्हणायची. हळूहळू बाईही काळीजच म्हणायला लागल्या. पपईच्या पानाचा पोकळ देठ एकमेकांच्या छातीला लावून पोरं आतले ठोके ऐकत बसायची. सगळं जागच्या जागी बांधून झालं की बाई शेवटी काळीज बसवायच्या आणि वरून दोरी ओढायच्या. चिपाडाचा माणूस सोप्यात तुरुतुरु चालायला लागायचा. "काळीज बसलं, माणूस उठला!" असं बाई म्हणायच्या आणि पोरं असा कालवा करायची की माझी म्हैस दावं तोडायला बघायची.

त्या पोरांत शेजारच्या नाथाजींची नात होती. शालन तिचं नाव, वय पाच वर्षांचं. तिचा बाप कृष्णात पलटणीत होता. माघ महिन्यात तिकडं सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळला आणि कृष्णात त्याखाली गेला. तार आली, पण अंग काही हाती लागलं नव्हतं. बर्फ वितळल्यावर शोध घेऊ, असं पलटणीनं कळवलं. कृष्णातची बायको हौसा म्हणाली, "डोळ्यांनी बघितल्याबिगर मी बांगड्या फोडायची न्हाई." ती रडलीसुद्धा नाही. आणि नाथाजींनी सगळ्या भावकीला बजावलं, की पोरीला कुणी काही बोलायचं नाही. तिला सांगितलं, आप्पा बर्फात अडकलेत, मोकळे झाले की येतील.

मला हे पटलं नव्हतं. मी नाथाजींना तोंडावर म्हटलं, "आवं आबा, पोरीला खरं सांगून टाका. आज रडंल, उद्या खेळाय जाईल."

"रंगूबाई, तुमी तुमच्या घरचं बघा," नाथाजी म्हणाले. "माझ्या तोंडातनं त्ये निघायचं न्हाई."

त्यांचंही काय चुकलं? एकुलता एक पोरगा होता. पण पोरगी रोज आमच्या सोप्यात बसून चिपाडाचे आप्पा करत होती आणि ते बघवत नव्हतं. तिच्या माणसाला बाकीच्यांपेक्षा मोठं काळीज असायचं. कापूस दाबून दाबून भरायची. बाईंनी एकदा विचारलं तर म्हणाली, "बर्फात गार पडलं असंल, म्हणून."

ज्येष्ठ सरता सरता पलटणीकडून कळलं, की कृष्णात सापडला नाही आणि आता सापडणार नाही. मग थोरल्या माणसांची बैठक बसली. ज्याला अग्नी मिळाला नाही तो मोकळा होत नाही, असं आमच्यात मानतात. अंग नसलं तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याच्यावर सगळे विधी करायचे आणि त्याला अग्नी द्यायचा. कृष्णातला मुलगा नव्हता. म्हणून पाणी सोडायचं तेही बापानंच आणि अग्नी द्यायचा तोही बापानंच, असं ठरलं.

उंब्रजहून भटजी आले. सकाळपासून नाथाजींच्या अंगणात काम चाललं होतं. शालनला आमच्या सोप्यातून हलू द्यायचं नाही, असं मला आणि बाईंना सांगितलं होतं. पण दोन्ही घरांत भिंत ती केवढी! पलीकडून बायकांचा रडण्याचा सूर लागला तशी पोरं बिचकली. बाई त्यांना गप्प करत होत्या तेवढ्यात शालन निसटली. मी मागोमाग धावले, पण या गुडघ्यांनी कितीसं धावणार!

अंगणात तो माणूस निजवलेला होता. डोक्याच्या जागी नारळ, पळसाच्या पानांचं अंग, दर्भाच्या काड्यांचे हातपाय. सांधे दोऱ्यानं बांधलेले. वर कृष्णातचा पलटणीतला सदरा घातला होता. मला वाटलं, पोर भिऊन किंचाळेल. पण तिच्या तोंडावर असं हसू आलं, की बघणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या.

"आप्पांला करताय व्हय?" तिनं विचारलं.

ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. गुडघे चाचपले, कोपरं चाचपली. हातात पपईचा देठ होताच, तो सदऱ्याखाली घालून तिनं कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग नाथाजींकडं बघून म्हणाली, "आबा, ह्येच्यात काळीजच न्हाई. भटजी इसरलं. मग आप्पा उठतील कसं?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती आमच्या सोप्यात जाऊन आपलं काळीज घेऊन परत आली.

"कागद चालायचा नाही," भटजी हळूच म्हणाले.

"बसवू द्या तिला," नाथाजी म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बोटांनी छातीवरची पानं बाजूला केली. पोरीनं ते तांबडं काळीज आत ठेवलं, डाव्या अंगाला, बाईंनी शिकवलं होतं तस्सं. नाथाजींनी पानं परत झाकली. माघापासून न रडलेल्या हौसानं तेव्हा टाहो फोडला आणि उंबऱ्यावर हात आपटून आपटून आपल्याच हातानं बांगड्या फोडल्या. मला त्या घडीला नाथाजींचा राग आला, भटजींचा आला, बिचाऱ्या बाईंचासुद्धा आला. देवाचा तर आलाच.

पुरुष माणसांनी त्याला उचललं. "कुठं नेत्यात?" शालननं विचारलं. केरबा म्हणून भावकीतला एक म्हातारा होता, तो पटकन बोलून गेला, "नदीवर गं. आंघूळ घालून आणतो."

एवढे महिने खोटं बोलायची गावाला सवयच लागली होती. पोरीनं ते खरं धरलं. आपल्या वाट्याची सुकडी तिनं ताटलीत घातली, वर दुसरी ताटली झाकली आणि उंबऱ्याशी ठेवली. तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, आत चल. तर म्हणाली, "काकी, आप्पांला लय भूक लागली असंल."

माणसं तारळी नदीवरून परत आली, ओल्या धोतरांनी. नाथाजी सगळ्यांच्या मागं होते. पोरगी त्यांच्याही मागं बघत राहिली. रस्ता मोकळा होता.

"आबा, आप्पा कुठं हायत?"

नाथाजी खालीच बसले. आता खोटं तरी किती बोलणार? "जाळलं, बाळा," ते म्हणाले.

"काळीज बसवलं हुतं की."

"व्हय."

"मग उठाय लागलं असतील! कुणी जाळलं?"

नाथाजींनी आपल्याच हातांकडं बघितलं. "म्या," म्हणाले.

ती रडली नाही. ताटली उचलून आत गेली. बर्फ कुठल्या कुठं लांब होता, तो तिनं कधी बघितलाच नव्हता. तिचा बाप तिच्या अंगणात नीट बांधून तयार झाला होता, आणि आबांनी नेऊन जाळला, एवढंच तिला दिसलं. जे पोरीनं ऐकू नये म्हणून नाथाजींनी जिवाचं रान केलं होतं, त्याहून हे वाईट होतं. हे मला तेव्हाच कळलं आणि काही करता आलं नाही.

सुतकाचे दिवस झाल्यावर ती पुन्हा सोप्यात यायला लागली. बाईंनी तिच्यासमोर तांबडा कागद आणि कापूस ठेवला. खाली वाकून प्रेमानं म्हणाल्या, "शालन, चल, नवीन करूया."

भिंतीपलीकडं नाथाजी वैरण तोडत होते. शालननं कागद परत सारला.

"नगं बाई," ती म्हणाली. "म्या परत केलं तर आबा परत जाळत्यात."

पलीकडचा विळ्याचा आवाज थांबला.