आतून की बाहेरून

मी एक जुनी कडी आहे. पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या खोलीच्या दाराला मी आतून बसवलेली आहे. मित्रांनो, आज माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण समोरच्या टेबलावर सकाळपासून एक स्क्रूड्रायव्हर पडलेला आहे. या खोलीत माझ्याशिवाय त्याचं कुणाकडे काम नाही. तो मला घट्ट करायला आणलाय की उपटून काढायला, ते मला कुणी सांगितलेलं नाही. कडीला कोण सांगतं?

म्हणून वेळ आहे तोवर सगळं बोलून घेते. गोड बोलणं मला जमणार नाही. लोखंडाची आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याची पट्टी कापली, ठोकून वाकवली, तिच्यात एक दांडी सरकवली, दांडीला धरायला मूठ काढली, झाली कडी. चार भोकं, चार स्क्रू. एकाच खोक्यात आम्ही बारा बहिणी होतो. बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे. बाथरूमच्या दाराला लागल्या असतील तर सुखात असतील. तिथे कडी का लावली, असं कुणी विचारत नाही.

या घरात मी आधी याच दाराला होते, पण बाहेरून. तेव्हा ही अडगळीची खोली होती. आत जुन्या गाद्या, पाय मोडलेली खुर्ची, न चालणारा टेबलफॅन. त्यांना बाहेर यायचं नव्हतं, मला कुणाला अडवायचं नव्हतं. नऊ वर्षं मी अशी निवांत काढली. घरातली आई वर्षातून दोनदा शिलाई मशीनचं तेल आणून माझ्यावर दोन थेंब सोडायची आणि म्हणायची, "ही बरी. कधी कुरकुरत नाही." मित्रांनो, ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे. त्यानंतर फारसं मिळालं नाही.

मग घरातली मुलगी तेरा वर्षांची झाली. घरात तिला ठमी म्हणतात. मैत्रिणींसमोर म्हटलं तर ती चावायला येते. तिला स्वतःची खोली हवी होती. गाद्या गेल्या, भिंती रंगवल्या, आणि सुतारमामांनी मला दारावरून काढून तळहातावर घेतलं.

"ताई, आता ही आतून लावायची की बाहेरून?"

"आतून कशाला? आतून नकोच," आई म्हणाली.

"मग बाहेरून कशाला? मी काय गादी आहे?" ठमी म्हणाली.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. ते डोळे बारीक करून म्हणाले, "कडी हवी म्हणे! आत काय बँकेचं लॉकर आहे का तुझं?"

सुतारमामा हसले. "लावून टाकतो आतून. माझ्या पोरीने दाराला खुर्ची लावली होती. तिच्यापेक्षा कडी बरी."

अशी मी आत आले. त्या दिवसापासून मला काळजी म्हणजे काय ते कळलं. अडगळीच्या खोलीत दोन्ही बाजूंना शांतता होती. इथे आतल्या बाजूला एक रडणारी आणि बाहेरच्या बाजूला कान लावणारी, आणि मध्ये मी.

आई काय करते ते सांगायला हवं. ती तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहिते. तिचं लिहायचं टेबल या दाराच्या अगदी बाहेर आहे. लिहिलेले संवाद ती मोठ्याने वाचून बघते, त्यामुळे तिची सगळी पुस्तकं मी छापायच्या आधी ऐकलेली आहेत. खरं सांगू? भांडणं आली की मला माझ्या दांडीत खाज सुटायची. तिच्या नव्या कादंबरीतली मुलगी आईला म्हणत होती, "तुझ्या अपेक्षांच्या ओझ्याखाली माझं अस्तित्व गुदमरतंय!"

संपादकबाईंचा फोन आला. आईने पेन्सिल हातात धरता यावी म्हणून स्पीकर लावला होता.

"पंधरा वर्षांची मुलगी असं बोलते?" बाई म्हणाल्या. "हिला निवडणुकीला उभी करा. चांगली मतं घेईल."

"मग कशी बोलते?"

"तुमच्या घरात एक आहे ना? ऐका की जरा."

आईने ऐकायचा प्रयत्न केला, असं मी म्हणणार नाही. तिने चौकशी केली.

"आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

"तुझी ती मैत्रीण बऱ्याच दिवसांत आली नाही. का गं?"

"काही नाही."

"का आली नाही, याचं उत्तर 'काही नाही' असतं का?"

"बरं," ठमी म्हणाली, आणि मी लागले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे लेखक होणार असेल तर कान देऊन ऐका. दारात उभ्या राहिलेल्या कडीला जेवढं कळतं तेवढं सांगते. तुमच्या वयाचं भांडण भाषणात नसतं. ते 'काही नाही'मध्ये असतं. मोठी माणसं त्या दोन शब्दांवरून पाय देऊन पुढे जातात आणि मग घरभर भांडण शोधत बसतात.

त्या 'काही नाही'त काय होतं ते मला माहीत होतं. ठमी मला लावायची, दाराला पाठ टेकून खाली बसायची आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची. लिहिताना ती प्रत्येक शब्द पुटपुटायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. पाच वर्षं ती आणि तिची मैत्रीण एका बाकावर बसत होत्या. एका सोमवारी ठमी वर्गात गेली तर तिच्या जागेवर मैत्रिणीचं दप्तर होतं. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. ठमी मागच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही दप्तर. तिसऱ्या दिवशीही. एवढंच. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही.

'दप्तर उचल, एवढं मला म्हणता आलं नाही,' असं तिने वहीत लिहिलं होतं. 'म्हटलं असतं आणि तिने उचललं नसतं तर?'

हे मला माहीत होतं, वहीला माहीत होतं. बास.

आणि मग तो मंगळवार. भर दुपारची वेळ, ठमी शाळेत. आई खोलीत आली. तिने दार लोटलं आणि आतून मला लावलं. ठमीच्या दाराची कडी, तिच्या आईने, तिच्याच खोलीत, आतून. मला वाटलं, आईला कुठेतरी बसून रडायचं असेल. मी इमानदारीत घट्ट लागले. आईने उशीखालून निळी वही काढली. शेजारी कागद ठेवला. पेन्सिलने उतरवायला लागली.

मला ओरडता येत नाही. मला फक्त लागता येतं आणि निघता येतं, तेही दुसऱ्याच्या हाताने. मी त्या दिवशी चोराची पाठराखण केली, मित्रांनो. आईला चोर म्हटलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं असेल तर घ्या.

शाळेत पाणी आलं नव्हतं म्हणून त्या दिवशी लवकर सोडलं. ठमीने स्वतःच्याच दारावर थाप मारली.

"आई? आत तू आहेस?"

"थांब गं! पंखा पुसतेय!"

"आतून कडी लावून?"

"धूळ बाहेर उडते."

खोलीत स्टूलसुद्धा नव्हतं. वही उशीखाली गेली, कागद पदराआड गेला, मी निघाले. ठमीने वर धुळीने माखलेल्या पंख्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि चक्क हसली. आठ दिवसांनी तिचा वाढदिवस होता. वाढदिवसाला आईने तिला एक नवी, कोरी वही दिली.

पंधरा दिवसांनी संपादकबाईंचा फोन. "आता मुलगी जिवंत झाली! ते दप्तराचं कुठून आणलंत हो?"

"सुचलं," आई म्हणाली.

सुचलं! त्या एका शब्दाने माझ्यावर जेवढा गंज चढला तेवढा सगळ्या वर्षांत चढला नव्हता.

मी दिवस मोजायला लागले. कारण पुस्तक छपाईला जायच्या आधी शुक्रवारी आई त्यातला एक भाग वाचून दाखवणार होती. कुठे? ठमीच्या शाळेत. ग्रंथालयात. ठमीच्या वर्गासमोर. कुठला भाग, ते विचारू नका. दप्तर ठेवणारी पहिल्या रांगेत बसणार होती.

गुरुवारी दुपारी ठमी खोडरबर शोधायला आईच्या टेबलाशी गेली. मला फक्त कागद उलटल्याचा आवाज आला. एक पान. दुसरं पान. मग बराच वेळ काहीच नाही. मग ती आत आली आणि तिने मला असं लावलं की माझी दांडी चौकटीत शेवटपर्यंत जाऊन आपटली.

आई स्वयंपाकघरातून आली. टेबलावरचे कागद तिने पाहिले असावेत.

"ठमे? दार उघड. आपण बोलू."

काही नाही.

"हे बघ, लेखक अनुभवातूनच लिहितो. तुझ्यासारख्या कितीतरी मुलींना त्यातून धीर मिळेल—"

"भाषण नको," आतून ठमी म्हणाली.

बाबा जेवायला घरी आले होते. त्यांनी खांद्याने दार ढकललं. "उघडतेस का? नाहीतर ही कडीच काढून टाकतो! सगळी भांडणं हिच्यामुळे!"

मित्रांनो, माझं एक ऐका. माझा वरचा स्क्रू त्या धक्क्याने निघाला, टुणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. तीन स्क्रूंवर मी उभी. अजून एक धक्का बसला असता तर ठमीच्या आणि जगाच्या मध्ये काही उरलं नसतं. पण आईने बाबांना बाजूला केलं. "तुम्ही जेवा," ती म्हणाली. ते गेले.

मग ठमी दाराला लागून बोलली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्यानेच मला हुडहुडी भरली.

"पंखा पुसत होतीस ना?"

आईचा हात दारावरून खाली सरकला.

"मला वाटलं, वाढदिवसाचं काहीतरी लपवतेयस. मी बाबांनापण सांगितलं, विचारू नका म्हणून. आणि नवी वही का दिलीस? पुढच्या पुस्तकासाठी?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आईने फोन लावला. स्पीकर चालू होता. सवय, दुसरं काय.

"बाई, दप्तराचा भाग काढायचा."

"अहो, काय झालं? अख्ख्या पुस्तकात तेवढीच पानं खरी आहेत!"

"म्हणूनच," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता मी निघणार. नाही निघाले. ठमी तशीच बसून राहिली, दाराला पाठ लावून. पलीकडे आईही खाली बसली असावी, कारण लाकूड दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं.

"मग उद्या काय वाचणार?" बऱ्याच वेळाने ठमीने विचारलं.

"बघू. माझ्याकडे माझंपण आहे एक. कधी कुणाला सांगितलं नाही."

"काय?"

"काही नाही."

ठमीने मान वर केली. "आई, हे मी म्हणते."

मग आई बोलली, अडखळत, एकेक वाक्य ओढून काढल्यासारखी. "आठवीत होते. मैत्रिणीची वही सापडली मला. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवली. आवाज काढून. सगळे हसले. ती तिथेच उभी होती. डबा हातात होता तिच्या. परत कधी बोलली नाही माझ्याशी."

बस. पुढे धडा नाही, तात्पर्य नाही. इतक्या वर्षांत मी त्या टेबलावरून ऐकलेलं ते पहिलं खरं पान.

"म्हणजे तुला सवयच आहे," ठमी म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

तेव्हा ठमीने मूठ धरली आणि मला मागे ओढलं. दार मात्र उघडलं नाही. आवाज आईला ऐकू गेला. तरी तिने ढकललं नाही. टकटक केलं.

"आता कशाला वाजवतेस? कडी काढली की मी."

"तरी."

शुक्रवारी आईने शाळेत काय वाचलं, ते मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ठमी एवढंच म्हणाली, "बरं होतं. शेवटी थोडं भाषण झालंच." बाकावर दप्तर अजून आहे का? मला माहीत नाही. ठमीने सांगितलेलं नाही, आणि या वेळी कुणी विचारलंही नाही. निळी वही आता कुठे असते तेसुद्धा मी सांगणार नाही.

आज शनिवार. आणि हा स्क्रूड्रायव्हर. पावलं वाजतायत, बाबांची. धमकी त्यांनीच दिली होती. दार उघडंच आहे, तरी ते बाहेर थांबलेत. बोटाने वाजवतायत.

"येऊ का?"

"या."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि तो ठमीच्या हातात दिला. "तुझी कडी. काय करायचं ते तू ठरव."

ठमीने तो माझ्या स्क्रूत रोवला आणि फिरवला. उलटा. मी सैल झाले. गेले मी!

"अगं, उलटा फिरवतेयस," बाबा म्हणाले.

"माहितीये!" ती ओरडली, आणि कान लाल करून सुलटा फिरवायला लागली.

तीन स्क्रू घट्ट झाले, मित्रांनो. चौथा अजून कपाटाखाली आहे. मी अजून थोडी हलते, आणि जोराचा धक्का बसला तर काय होईल याची धास्ती मला रोज वाटते. म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात अशी एखादी कडी असेल तर वर्षातून दोनदा तिला तेल द्या. आणि दार उघडं असलं तरी आधी वाजवा. वहीला तर कडीसुद्धा नसते.