आईचा चेहरा

"आरशात तोंड बघ जरा! नाक आईचं, डोळे आईचे, हसणंपण तिचंच. खुळेपणा तुला लागणारच. मग कॉलेज कुणासाठी?" ओफेलिया आत्या योर्लादिसताईवर ओरडत होती. ताईची बॅग दारात. कॉलेजच्या शहराला, मेदेयिनला, जाणारी बस दुपारची.

ताई बॅगेचा पट्टा आवळत राहिली.

आई बाजूलाच बसलेली. सत्तेचाळीस वर्षांची. मक्याच्या गरम जाड भाकऱ्या, अरेपा, बाबांच्या बुटात घालत होती, एकावर एक, नीट. कुणी अडवलं नाही. रोजचंच आहे. याला आमच्याकडे खुळेपणा म्हणतात, ऐन चाळिशीत माणूस एकेक करून सगळं विसरत जातं.

आमच्या डोंगरात असंच ठरतं. ज्या पोरीला आजारी माणसाचा चेहरा, तिला ना शिक्षण, ना लग्न. तिनं घरी बसून त्या माणसाचं करायचं आणि तोच आजार आपल्याला कधी लागतो याची वाट बघायची. मी बाबांवर गेलोय, म्हणून सुटलो म्हणे. मास्तरशी भांडून शाळा सोडली, तरी मला कुणी काही बोललं नाही.

मी म्हणालो, "रक्त घ्यायला आलेली डॉक्टरीण काय बोलली? चेहऱ्याचा काही संबंध नाही. आईच्या प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. मला पण."

"शाळा सोडलेला मला शिकवतोय!"

"मग एवेलियोमामा? तो तर धडधाकट आजोबांवर गेलेला. आज त्याला स्वतःचा कॉफीचा मळा सापडत नाही."

"दारूनं खाल्लं त्याला."

"मामा दारू पीतच नव्हता, आत्या."

आत्या खाली बसली. आवाज उतरला. "अरे, पण तुझ्या आईचं करणार कोण? माझे गुडघे बघ."

म्हणजे एवढंच होतं. चेहरा नुसतं निमित्त.

"मी करीन."

"आईला आंघोळ तू घालणार? पुरुषासारखा पुरुष?"

"घालीन."

मला राग यायला हवा होता. कधी नव्हे तो आलाच नाही. बॅग उचलून फाट्यापर्यंत नेली. बस हलली तेव्हा ताई रडली. मी नाही.

याला आठवडा झाला. आईला आंघोळ घालतो, भरवतो. ती मला कधी भाऊ समजते, कधी कुणीच नाही. काल मी किल्ली विसरलो, तर आत्या कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या, बाबांसारख्या तोंडाकडे.

तुमच्या घरातही कुणा पोरीला तोंड बघून बसवून ठेवलं असेल, तर आधी एवढंच विचारा, तिच्याऐवजी हे करणार कोण—

फाटक वाजलं. आई रस्त्याकडे निघालीय, अनवाणी. मला जायला हवं.