गुंजनचं दुसरं लग्न, त्याच नवऱ्याशी

पियुषच्या लग्नाचे सगळे फोटो त्याच्या मामानं चघळून थुंकून टाकले, हे अंकुशला कळलं तेव्हा लग्नाला नऊ दिवस होऊन गेले होते.

अंकुशचा कारंज्याला बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ. पियुष त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. पियुषच्या आयुष्यात जे काही घडलं त्याचा फोटो अंकुशनं काढलेला. पहिली मोटारसायकल आली तिचा काढला, आठव्या दिवशी ती ज्या नाल्यात गेली त्या नाल्याचाही काढला. पियुष धुमाल पार्टीत बेंजो वाजवायला लागला त्या दिवशी तर अंकुश ट्रकच्या टपावर चढून बसला होता. ढोल, ताशे, बेंजो, पॅड आणि माणसाएवढे भोंगे असं सगळं एका ट्रकवर रचायचं आणि वरातीपुढे गावाच्या खिडक्या हादरवत न्यायचं, हे त्या पार्टीचं काम. हंगामात ट्रक रायपूर-दुर्गपर्यंत जायचा आणि महिना-महिना परतायचा नाही.

तर लग्न झालं केळझरला. नवरी गुंजन. तिच्या वडिलांची, अण्णाजींची, तिथं भाजीची शेती. वांग्याच्या वाफ्यांना लागूनच मांडव पडला. अंकुशनं मांडवाच्या दारात स्वतःच्या हातानं पाटी लावली होती : ‘मोबाईलने फोटो काढू नये. फोटोग्राफर आहे.’ कोणी चोरून फोन वर केलाच तर अंकुश त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. दिवसभर त्यानं जीव तोडून फोटो काढले, कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि पोटभर जेवला. त्याच खिशात खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी होती, तोंड उघडं असलेली. जेवण झाल्यावर पियुषच्या रूपरावमामांनी हात पुढे केला. अंकुशनं न पाहता पन्नी त्यांच्या हातावर ठेवली.

हंगाम जोरात होता. पुढच्या लग्नांच्या गडबडीत आठवडा गेला. अल्बमला बसावं म्हणून अंकुशनं त्या शर्टाचा खिसा चाचपला तर कार्ड नाही. त्यानं स्टुडिओ उलथापालथा केला, शर्ट उसवून पाहिला. मग त्याला ती पन्नी आठवली आणि तो तसाच मामांच्या घरी गेला.

“मामाजी, त्या दिवशीच्या खर्ऱ्यात काही लागलं का तुमाले?”

“कडक लागलं ना काहीतरी,” मामा म्हणाले. “जुनी सुपारी असन म्हनलं. लय चघळलं, पन फुटेच ना.”

“मंग?”

“मंग काय! थुकलो.”

“कुठं थुकलं मामाजी?”

“आता ते कसं सांगू बापा? बसच्या खिडकीत बसलो होतो. केळझर ते कारंजा कुठंबी असन.”

अंकुश मटकन ओट्यावर बसला.

आता पाहुण्यांच्या मोबाईलवर तरी काही असेल म्हणून त्यानं हातापाया पडून फोटो गोळा केले. एकसष्ट आले. अठ्ठावन्नांत त्याची स्वतःचीच पाठ होती, चौकड्याच्या शर्टातली. हार घालताना पाठ, फेरे घेताना पाठ. दोन फोटो जिलेबीचे निघाले. एकात नवरदेव होता खरा, पण तो वळून कोणाला तरी पाणी मागत होता.

गुंजनला सांगायला तो गेला तेव्हा ती सासूबरोबर तुरीची डाळ पाखडत होती. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी पियुष धुमालच्या ट्रकवर बसून दुर्गला गेला होता. सासू वच्छलाबाई माणूस मायेची. पण त्यांच्याशी बोलून बोलून गुंजनचं बोलणं संपलं होतं. नवऱ्याचा रोज फोन यायचा आणि त्यात भोंग्यांखेरीज काही ऐकू यायचं नाही.

अंकुशनं मान खाली घालून सगळं सांगितलं. वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. गुंजननं सूप खाली ठेवलं.

“एकबी नाई?” तिनं विचारलं.

“एकबी नाई, वहिनी.”

“चार घंटे मेकअप केलता मी. रडू आलं तं ब्यूटी पार्लरवाली म्हने, रडू नको, काजळ फुटते. बिदाईले रडलीबी नाई मी. फोटोसाठी!”

“तुम्ही म्हनान ते करतो, वहिनी.”

“मंग लग्न परत लावा,” गुंजन म्हणाली आणि डाळ पाखडायला लागली.

अंकुशला वाटलं, रागानं बोलली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, “कधी लावता?” तेव्हा कळलं की ती अगदी शुद्धीवर बोलली होती.

अडचण नवरदेवाची होती. पियुषला फोन लावला. तो म्हणाला, सुट्टी नाही, पण सोमवारी नागपूरहून अमरावतीला जाताना ट्रक कारंज्यावरून जाणार आहे. हायवेवर मोतीलालच्या धाब्यावर दोन घंटे जेवणाचा थांबा. “त्या दोन घंट्यात लग्न लावून घे बे,” तो म्हणाला. “पन जेवनबी झालं पाह्यजे.”

अंकुशनं मोतीलालकडे जाऊन विचारलं. मोतीलाल पंचवीस वर्षं धाबा चालवत होता आणि गिऱ्हाइकाला कशालाच नाही म्हणत नव्हता. “किती पान?” एवढंच त्यानं विचारलं.

ठरलं होतं पंधरा माणसांचं. पण अण्णाजींनी केळझरहून निघताना चार ठिकाणी बोलून टाकलं. पहिल्या लग्नात पत्रिकेवर नाव नाही म्हणून जे रुसून घरी बसले होते ते सगळे आले. ते म्हणाले, यावेळी पत्रिकाच नाही, तर रुसायचं कशावर? पहिल्या लग्नाला आलेले काही जण मात्र या वेळी आले नाहीत, कारण त्यांना कोणी नीट बोलावलं नव्हतं. ते आता रुसले.

नानाजी महाराजांनी वेगळंच काढलं. पहिलं लग्न त्यांनीच लावलं होतं.

“मंत्र म्हनला की लग्न लागते,” ते अंकुशला म्हणाले. “लागलेलं लग्न परत लावलं तं पहिलं राह्यते का सुटते, हे मले मालूम नाई. चाळीस वर्षांत कोनी विचारलं नाई.”

“खोटं खोटं म्हना ना, महाराज.”

“मंत्र खोटा कसा म्हनू? एक करतो. तोंड हालवतो, आवाज काढत नाई. फोटोत आवाज कुठं येते?”

अंकुशला हा तोडगा एकदम पटला.

सोमवारी दुपारी बाराला धाब्याच्या बाजा एका कडेला लावल्या. वच्छलाबाईंनी हार, अक्षता, मुंडावळ्या, कलश सगळं आठवणीनं आणलं आणि अंतरपाट घरी विसरल्या. अक्षता एवढ्या माणसांना कमी पडल्या म्हणून मोतीलालच्या रसोईतला बासमती हळद लावून ठेवला. संत्र्यांच्या, सिमेंटच्या, कोंबड्यांच्या गाड्या थांबत होत्या. ड्रायव्हर उतरत, हात धूत आणि सजलेली नवरी बघून आपोआप डोक्यावरचा गमछा सारखा करून ओळीनं बसत.

एकच्या सुमाराला धुमालचा ट्रक आला. त्यातून बावीस जण उतरले आणि बावीसही जणांचे केस सोनेरी. रायपूरला एका मोठ्या कार्यक्रमासाठी सगळ्या पार्टीनं एकसारखे रंगवून घेतले होते. त्यातला नवरा कोणता ते गुंजनला पटकन ओळखूच येईना. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी एक जण पुढे येऊन म्हणाला, “मी हाय ना.”

“हे काय करून ठेवलं?” गुंजन म्हणाली.

“निघते. दोन महिन्यांनी.”

अण्णाजी अंकुशला बाजूला घेऊन म्हणाले, “अल्बममंधी जावई काळ्या केसाचा पाह्यजे हां.” अंकुशनं करतो म्हणून सांगितलं. कसं करणार ते त्याला माहीत नव्हतं.

अंतरपाटासाठी धुमाल पार्टीचं बॅनर सोडून आणलं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘शुभकार्यासाठी संपर्क करा’ आणि खाली दोन फोन नंबर. एका टोकाला रूपरावमामा, दुसऱ्या टोकाला कोंबडीच्या गाडीचा क्लीनर, असे ते धरून उभे राहिले. मामांचं तोंड अंकुशनं आधीच तपासून घेतलं होतं.

नानाजी महाराजांनी डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

धाब्यावर इतकी शांतता पसरली की तव्यावरच्या रोटीचा आवाज यायला लागला. आंध्रातल्या एका ड्रायव्हरनं शेजाऱ्याला हळूच विचारलं, “पंडितजी मौनव्रत में हैं क्या?” शेजाऱ्यानं मान हलवली. मग सगळ्या ड्रायव्हरांनी हात जोडले. अंकुश पाय न वाजवता गोल फिरत फोटो काढत होता. असं लग्न त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कोणी फोनवर बोलत नव्हतं, कोणी जेवायला कधी म्हणून विचारत नव्हतं. बॅनरच्या अलीकडे गुंजन, पलीकडे पियुष. पियुषनं खालून पाहिलं तर त्याला गुंजनचे पाय दिसले. तिनं पायाचा अंगठा हलवला. पियुषला हसू फुटलं. अंकुशनं तो फोटो घेतला.

तीन मिनिटं झाली, चार झाली. मामांचे हात भरून आले. शांतता त्यांना सोसवेना. आयुष्यभर शेकडो लग्नांत ज्या शब्दाची वाट पाहिली तो अजून कसा येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडून आपोआपच निघून गेला :

“शुभमंगल सावधान!”

त्यासरशी बॅनर खाली पडलं. दोनशे हातांनी बासमती उधळला. ट्रकवर जे दोघं परत चढून बसले होते त्यांना हाच इशारा वाटला आणि त्यांनी ढोलावर काठी हाणली. कोंबडीच्या गाडीतून एकच कालवा उठला. नवरा-नवरीनं दचकून एकमेकांच्या गळ्यात हार घालून टाकले.

नानाजी महाराज तेवढे पांढरे पडले.

“काय झालं, महाराज?” अंकुश ओरडून म्हणाला, कारण ढोल थांबला नव्हता.

“लागलं ना बे!” महाराज म्हणाले. “मनात मी खरेच मंत्र म्हनून राह्यलो होतो. सवय हाय. अन वरून हा सावधान म्हनला. अक्षता पडल्या, हार पडले. आता हे लग्न झालं. पक्कं झालं.”

“मंग पहिलं?”

“पहिल्याचं मले विचारू नको.”

जेवणं झाली. एका ड्रायव्हरनं संत्र्यांची पेटी आहेर म्हणून दिली. धुमालचा मालक घड्याळ दाखवायला लागला. मग अंकुश म्हणाला, “वहिनी, आता बिदाई. तुमी अण्णाजीच्या गळ्यात पडा. रडल्यासारखं करा.”

गुंजन वडिलांच्या गळ्यात पडली आणि खरंच रडली. पहिल्या वेळचं राहिलेलं सगळं रडली. काजळ गालावर आलं, हनुवटीपर्यंत गेलं. तिचं पाहून अण्णाजी रडले. वच्छलाबाई रडल्या, त्या वास्तविक सासू. आंध्रचा ड्रायव्हर गमछ्यानं डोळे पुसत होता. मोतीलाल गल्ला सोडून आत निघून गेला.

मग गुंजननं नाक पुसलं, शालू कमरेला खोचला आणि ट्रककडे चालायला लागली.

“इकडं, पोरी,” अण्णाजी म्हणाले. “आपली गाडी इकडं हाय.”

“नाई बाबा. महाराज काय म्हनले? लग्न लागलं. लग्न लागल्यावर नवरी कुठं जाते?”

“नवरदेवासोबत,” नानाजी महाराज सवयीनं बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

“नवरदेव अमरावतीले जाऊन राह्यला,” गुंजन म्हणाली.

“अवं पन धुमालच्या ट्रकवर! बावीस पोट्ट्यामंधी!” अण्णाजींनी महाराजांकडे, महाराजांनी आभाळाकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं आता वच्छलाबाई बोलतील. त्या पुढे आल्या, पिशवीतून डबा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

“जवसाची चटनी हाय. याच्या पोटाले बाहेरचं सोसत नाई. अन रोज फोन करजो. भोंगा बंद करून करजो.”

पियुषनं वरून हात दिला. ट्रक सुरू झाला तेव्हा अंकुश बाजेवर बसून डोळे पुसत होता, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की बिदाईचा एकही फोटो काढलेला नाही. कॅमेरा मांडीवर तसाच पडला होता. तो “थांब बे!” करत हायवेवर धावला. ट्रक थांबला नाही, फक्त हळू झाला. चार सोनेरी डोक्यांनी त्याला कॉलरला धरून वर ओढून घेतलं.

कपडे नाहीत, स्टुडिओचं शटर अर्धवट उघडं. त्यानं फोन करून शेजारच्याला ते ओढायला सांगितलं. समोर सर्वात वरच्या भोंग्याच्या पेटीवर गुंजन बसली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं दोर धरलेला. पियुष तिला बेंजोच्या कोणत्या बटणाला काय वाजतं ते ओरडून सांगत होता आणि ती ओरडून विचारत होती, “काय?” अंकुशनं फोटो काढायला सुरुवात केली.

तळेगाव मागे टाकल्यावर त्यानं त्यातला एक फोटो मोबाईलवर घेऊन अण्णाजींना पाठवला. अमरावती जवळ आली तेव्हा फोन वाजला.

“फोटो भेटला,” अण्णाजी म्हणाले. “खात होती का काही ते?”

“संत्रं खाऊन राह्यली, अण्णाजी.”

“हां. किती लोक म्हनले पार्टीत?”

“बावीस. मी धरून तेवीस. वहिनी चोवीस.”

“परततानी ट्रक केळझरले घेऊन येजा. वांगे तोडाले आले हाय. जेवून जा सगळे जन,” अण्णाजी म्हणाले, आणि बांधावरूनच कोणाला तरी हाक मारत त्यांनी फोन ठेवला.